शांतवनचा हात

हे प्रकरण मी लिहिणार नव्हतो. आतापर्यंत आईच्या स्वयंपाकाबद्दल लिहिलं, शाळेतल्या मारकुट्या मास्तरांबद्दल लिहिलं, स्वतःच्या हुशारीबद्दल तर जरा जास्तच लिहून झालं, आणि जिथे जिथे शांतवन मामा वाटेत आडवा आला तिथे तिथे त्याला वळसा घालून पुढे गेलो. पण गेल्या नाताळात माझ्या मुलीने, पुण्याच्या नीताने, असं ठरवलं की निवृत्तीनंतर जिन्याखाली थाटलेल्या माझ्या हौशी सुतारशाळेला एक सरफेसर पाहिजेच. सरफेसर म्हणजे फळीची कड सरळ करणारं मशीन. दोन फळ्या सांधायच्या तर त्यांच्या कडा एकमेकींना घट्ट भिडाव्या लागतात. पूर्वी ते काम रंधा करायचा, आता मशीन करतं. तेव्हापासून नीता मला मोबाईलवर व्हिडिओ पाठवते आहे. टेबलावर मावेल असं छोटं घ्यायचं की जमिनीवर उभं राहणारं, फळी सरकवायचा पाट लांब असलेलं, एवढाच प्रश्न. मी कधी म्हणतो जागा मोजायची आहे, कधी म्हणतो घरची वीज झेपेल का बघतो, कधी चक्क गुडघा दुखतो म्हणतो. शेवटी परवा ती फोनवर वैतागली. "पप्पा, तुम्ही आईला बघायला गेलात आणि चहा संपायच्या आत होकार दिलात. एका मशीनला इतके महिने?" तिच्या आईला पसंत करताना मला कुणाला फसवावं लागलं नव्हतं, हे तिला फोनवर कसं सांगणार?

आमच्या घरात एक म्हण आहे, ती बाहेर कुठे ऐकायला मिळणार नाही. रोज भाकरी थापणारीची भाकरी तव्यावर फाटली, गाडी चालवण्यात पटाईत माणसाने ती आपल्याच फाटकाला घासली, की कुणीतरी म्हणतं, "शांतवनचा हात झाला." म्हणजे ज्याला जे उत्तम येतं नेमकं तेच त्याच्याकडून बिघडणं. माझी नात अजून बालवाडीत जाते. मामाला तिने पाहिलेलं नाही, तो माणूस होता की भांडं हेही तिला माहीत नाही. पण मागे दूध सांडल्यावर ती आपणहून म्हणाली, शांतवनचा हात झाला. सगळे हसले. मीही हसलो, सरावाने ते हसू मला छान जमतं. तर आता नोंद दुरुस्त करतो. शांतवनचा हात कधीच बिघडला नव्हता.

आमचं गाव शेवगावच्या अलीकडे, बाजरीच्या कोरड्या मुलखात. ख्रिस्ती वस्ती गावाच्या कडेला आणि वस्तीच्या कडेला आमचं घर. नावाला दोन खोल्या, पण खरा संसार पुढच्या पत्र्याच्या पडवीत, कारण तिथे बाबांची सुतारकी. घरातली कुठलीच गोष्ट भुशाविना नव्हती. अंथरुणात भुसा, केसांत भुसा, आईने हुलग्याचे शेंगोळे केले की वर तरंगतंय ते मसाल्याचं की सागाचं, हे दाताखाली आल्यावर कळायचं. चूल रंध्याच्या सालपटांवर पेटायची, त्यामुळे आमच्या चहाला सागाचा कडसर वास असायचा. पुढे नोकरीत असताना सहकाऱ्यांनी पाजलेल्या वेलदोड्याच्या चहाला मी कधी चहा मानलं नाही. चहात थोडं कपाट लागलंच पाहिजे.

त्या पडवीचा राजा होता मोठा रंधा. बाभळीचा लांबलचक ठोकळा, पोटात रुंद पातं, आणि पुढच्या टोकाला आडवा दांडा बांधून त्याला दोरी. हा रंधा एकट्याने चालायचा नाही. मागून एकाने रेटायचा, पुढून दुसऱ्याने दोरीने ओढायचा. रेटायचा शांतवन मामा, ओढायचो मी. कळायला लागल्यापासून मी मामाचं तोंड समोरून बघत आलो. एवढं समोरून मी पुढे बायकोचंही बघितलेलं नाही. लय राहावी म्हणून मामा चर्चमधली भजनं गायचा. ओळ संपली की रंधा फळीच्या टोकाला पोचलेला असायचा. पाळकसाहेब रस्त्याने जात असले की भजन शुद्ध. ते वळणाआड गेले की त्याच चालीवर त्यांच्या पोटाचं वर्णन सुरू, त्यांच्या कोंबड्यांचं, मग चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसून घोरणाऱ्या पंचांचं. आई आतून ओरडायची, देवाचं नाव आहे त्यात. मामा म्हणायचा, "देवाचं नाव तसंच ठिवलंय ताई, बाकीचं बदललं."

मामा आईचा धाकटा भाऊ. लग्न केलं नव्हतं. विचारलं की म्हणायचा, "भाकरी द्यायला ताई हाय, दोरी वढायला इज्या हाय. बायकू काय रंध्याला पाणी पाजाया आनू?" पण बहिणीच्या घरी कायमचा राहिलेला भाऊ म्हणजे गावाच्या लेखी न परतलेला पाहुणा. ओट्यावरच्या बायका ते बोलून दाखवायच्या, आणि बाबा बोलून दाखवत नसत इतकंच. मामाच्या ताटातली भाकरी त्या रंध्यावर उभी होती आणि हे सगळ्यांना माहीत होतं, त्याला सर्वांत जास्त. तो कडेवरून अंगठा फिरवायचा आणि केसभर चढ कुठे आहे ते डोळे मिटून सांगायचा. बाबा आखणी करायचे, गिऱ्हाइकाशी बोलायचे, प्रार्थना करायचे. पण दोन फळ्या अशा सांधाव्यात की सांधा शोधावा लागावा, ते फक्त मामाला यायचं.

बाबांचं सांगायचं तर ते खूण मागायचे. आमच्यात प्रार्थना सगळेच करतात, पण बाबा देवाला प्रश्न घालून उत्तराची पद्धतही ठरवून द्यायचे. सायकल घ्यावी की नाही असा विचार आला तेव्हा त्यांनी ठरवलं, उद्या दारात येणारा पहिला माणूस सायकलवर आला तर घ्यायची. पोस्टमन आला. आई म्हणाली, तो रोजच सायकलवर येतो. बाबा म्हणाले, देवाला पोस्टमनसुद्धा वापरता येतो. माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न एका कोंबडीने ठरवलं, तो किस्सा तिने लिहू नको म्हटलंय म्हणून लिहीत नाही. एवढंच सांगतो की जावई चांगला निघाला आणि त्याने जन्मभर कोंबडी खाल्ली नाही. एकदा खूण मिळाली की बाबा हटत नसत. खूण दोनदा मागणं म्हणजे देवावर अविश्वास. त्यामुळे आमच्या घरात देव फार कामात असायचा आणि त्याला चूक दुरुस्त करायची संधी कधीच मिळत नसे.

मी सतरा-अठरा वर्षांचा असताना चर्चने नव्या बाकड्यांचं काम बाबांना दिलं. लांब बाकडी, दोन्ही बाजूंच्या रांगा भरतील इतकी. बसायची फळी म्हणजे दोन लांब फळ्या कडेला कड लावून सांधलेल्या. दोरीच्या रंध्याने हे काम नाताळपर्यंत उरकलं नसतं. गावात वीज आलेली होती, तेव्हा बाबांनी मशीन घ्यायचं ठरवलं, आणि पडवीत माझ्या जन्मापासूनचं सर्वांत मोठं भांडण पेटलं.

मशिनं दोन होती. एक नगरच्या दुकानात, नवं कोरं, हिरव्या रंगाचं, आखूड पाटाचं, एका माणसाने चालवायचं. दुसरं शेवगावच्या एका वखारीत, बिडाचं, जुनं, म्हशीसारखं काळं आणि म्हशीएवढंच लांब. वखारवाला धंदा बदलणार होता म्हणून ते विकत होता. मामा म्हशीच्या बाजूने होता. त्याचं म्हणणं सरळ होतं: फळी लांब तर पाट लांब पाहिजे. आखूड पाटावर लांब फळी टेकणारच नाही, ती आपलं वाकडेपण तसंच घेऊन पलीकडे जाईल. आणि लांब मशीन दोघांनी चालवायचं, एकाने रेटायचं, दुसऱ्याने पलीकडून धरायचं. म्हणजे रंध्यासारखंच. यातलं शेवटचं वाक्य त्याने इतक्या आनंदाने उच्चारलं की मी हातातली दोरी खाली ठेवली.

कारण पलीकडून धरणारा कोण, हे उघड होतं. मला नगरला जायचं होतं. टायपिंगच्या क्लासला नाव घालायचं होतं, इस्त्रीचा शर्ट घालून पंख्याखाली बसायचं होतं. टायपिंग मला का आवडलं याचं कारण एवढंच की त्यात समोर कुणी दोरी धरून उभं नसतं. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, तू गेल्यावर शांतवनची दोरी कोण ओढणार? म्हणून हिरवं मशीन आलं तर मी सुटणार होतो. ते एकट्याने चालणार म्हणजे बाबा स्वतः चालवणार, आणि मग मामाचं काय, हा विचार मला आला नव्हता असं लिहायचा मोह होतो आहे. आला होता. मी तो बाजूला ठेवला.

बाबांनी अर्थातच खूण मागितली. सागाच्या दोन फळ्या दोन्ही मशिनांवर एकाच हाताने चालवायच्या, म्हणजे मामाच्या. मग कडेला कड लावून उजेडासमोर धरायच्या. ज्या मशीनच्या सांध्यातून उजेड दिसेल ते देवाला नको. परीक्षेच्या फळ्या त्यांनी तीन फुटांच्या कापल्या, कारण याहून लांब फळ्या एसटीत घेऊन कंडक्टर आम्हाला बसू देणार नव्हता. मामा फळ्यांकडे बघत राहिला.

"दाजी, बाकडं सात फुटाचं आन् परीक्षा तीन फुटाची?"

"देवाला फूट नसतात," बाबा म्हणाले.

मामाने माझ्याकडे बघून एक डोळा मिटला. त्याला काळजी नव्हती. तीन फूट काय, हातभर फळी दिली तरी म्हैस पास होणार याची त्याला खात्री होती.

आधी नगरला गेलो. हिरव्या मशीनवर मामाने फळ्या घातल्या, जरा नाक मुरडूनच, आणि बाबांनी त्या दुकानाच्या दारात उन्हासमोर धरल्या. उजेड नाही. तीन फुटांना ते मशीन पुरेसं होतंच. दुकानदाराने बाबांना चहा दिला आणि मामाने मला मशीन समजावून सांगितलं. ते त्याने का केलं? मी विचारलं म्हणून. मला कशाची तरी माहिती हवी आहे याचाच त्याला आनंद झाला. मशीनला दोन पाट असतात, मध्ये फिरणारी पाती. फळी अलीकडच्या पाटावरून रेटायची, पाती कड सोलतात, आणि सोललेली कड पलीकडच्या पाटावर टेकत पुढे जाते. "सगळा खेळ ह्या पलीकडच्या पाटाचा हाय," मामा म्हणाला. "पात्याच्या टोकाशी बरूबर पायजे. केसभर खाली गेला तर शेवटाला फळी घसरती आन् शेपटाला चावा बसतो. मंग कितीबी मोठा कारागीर आन." एक नट सैल करून मूठ फिरवली की पाट खाली-वर होतो, हेही त्याने दाखवलं. मी लक्ष देऊन ऐकलं. आयुष्यात मामाचं इतकं लक्ष देऊन मी दुसऱ्यांदा ऐकलं ते मिरजगावला. ते पुढे येईल.

शेवगावची वखार दुपारी बंद असायची, पण आमच्यासाठी मालकाने उघडली. मामाने म्हशीभोवती एक फेरी मारली, खिशातून फडकं काढून तिचे पाट पुसले, लोखंडी पट्टी दोन्ही पाटांवर आडवी ठेवून खाली वाकून उजेड बघितला, पलीकडचा पाट जरा उचलला, नट आवळला, पुन्हा पट्टी ठेवली. मग म्हणाला, आता ही पुढच्या नाताळपर्यंत हलायची न्हाई. बाबा म्हणाले, चालवायच्या आधी प्रार्थना करू, बाहेर लिंबाखाली करू, इथे धूळ आहे. मालक चहा सांगायला गेला. मी म्हटलं, फळ्यांजवळ कुणीतरी थांबायला हवं. बाबांना ते समजूतदारपणाचं वाटलं.

पाना तिथेच पडला होता. बाबा बाहेर देवाला सांगत होते की तुझी इच्छा आम्हाला स्पष्ट दाखव. आमचे बाबा मोठ्याने प्रार्थना करायचे, त्यामुळे मला आत एकेक शब्द ऐकू येत होता. मी नट सैल केला, मूठ जराशी फिरवली, नट आवळला. नंतर आयुष्यात पाळकांनी, पंचांनी, पुढाऱ्यांनी देवाच्या नावावर पुष्कळ काही खपवलेलं मी बघितलं, पण देवाची इच्छा प्रत्यक्ष पान्याने फिरवणारा माझ्या माहितीत मी एकटाच. प्रार्थना संपली, मी मोठ्याने आमेन म्हटलं.

मामाने फळ्या घातल्या. भजन गुणगुणत घातल्या, पाळकाच्या पोटाचं. पात्यांचा आवाज शेवटाला किंचित बदलला आणि त्याचं गुणगुणणं थांबलं. बाबांनी फळ्या उचलून दारात नेल्या, कडेला कड लावली, उन्हासमोर धरल्या. शेपटाकडे उजेडाची एक बारीक रेघ होती. गव्हाच्या दाण्यापेक्षा बारीक, पण उजेड तो उजेड.

"पुन्यांदा घालू का दाजी?" मामाने विचारलं. त्याच्या आवाजात मी कधी न ऐकलेलं काहीतरी होतं.

"खूण दोनदा मागायची नसते, शांतवन."

दोघे दारात त्या रेघेकडे बघत उभे होते तेवढ्यात मी मशीनजवळ गेलो, नट सैल करून मूठ जेवढी फिरवली होती तेवढी परत फिरवली आणि नट आवळला. का? पकडला जाऊ नये म्हणून. मला वाटलं मामा येऊन तपासेल. आणि तो आलाच. लोखंडी पट्टी घेऊन आला, पाटांवर ठेवली, खाली वाकला, एका बाजूने बघितलं, दुसऱ्या बाजूने बघितलं. पट्टीखाली उजेड नव्हता. त्याने अंगठा पाटावरून फिरवला, मग पात्यांजवळून.

"पाट बरूबर हाय," तो हळूच म्हणाला. मग सरळ झाला आणि स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाला, "मंग हातच."

एसटीत मी खिडकीशी बसलो. मांडीला काहीतरी टोचत होतं म्हणून बघितलं तर वखारवाल्याचा पाना माझ्या खिशात आला होता. तो अजून माझ्याकडे आहे. नीताला वाटतं जुन्या वस्तूंची मला आवड आहे.

हिरवं मशीन टेम्पोतून आलं. पाळकसाहेबांनी येऊन त्याच्यावर आशीर्वाद मागितला, आईने सगळ्यांना करंज्या दिल्या, वस्तीतली पोरं मशीन चालू झालं की कानांवर हात ठेवून नाचायची. बाबा स्वतः चालवायला लागले. मामाकडे सरस कढवायचं आणि फळ्या चिकटवायचं काम आलं. पडवीत आता भजन ऐकू येत नसे. मशीनपुढे आवाज पोचत नाही असं तो म्हणायचा. दोरीचा रंधा भिंतीला टांगला, आणि मी नगरला पंख्याखाली बसून टायपिंगचे धडे गिरवू लागलो. पंखा बंद असायचा हा भाग वेगळा.

इथे जरा थांबून, घरी सुतारशाळा थाटणाऱ्या माझ्या वयाच्या मंडळींना फुकटचा सल्ला देतो. रंग बघू नका, मोटर किती ताकदीची ते नंतर बघा, दुकानदाराचा चहा पिऊ नका. तुम्ही ज्या लांबीचं काम करणार त्याच्या निम्मा तरी पाट असू द्या, आणि परीक्षेला स्वतःच्या कामाची फळी न्या. एसटीत मावत नसेल तर टेम्पो करा. देवाला मध्ये घेऊ नका. त्याला मशीनचं कळत असेलही, पण तो तुमच्या घरातल्या कुणाकुणावर नजर ठेवत बसेल?

मामाने सांगितलं होतं तेच झालं. सात फुटी फळ्या आखूड पाटावरून वाकडेपण घेऊनच बाहेर पडल्या. दोन फळ्या जोडल्या की टोकं भिडायची आणि मध्ये फट राहायची. मामाने शिकंजे आवळून आवळून ती फट बंद केली, सरस ओतला, आणि बाबांना दोनदा सांगितलं की लाकूड रागात हाय, सोडलं की उघडंल. बाबा म्हणाले, जे देवाने दाखवलं त्यावर शंका घ्यायची नाही. बाकडी चर्चमध्ये लागली, पॉलिशने लखलखली. नाताळ थाटात झाला. मग आमच्या मुलखाचा उन्हाळा आला.

सांधे एकेक करून उकलले. कुणी बसलं की वजनाने फट रुंदायची, आणि उठलं की मिटायची. बसताना काही कळत नसे, ईश्वराचं घर थंडगार वाटायचं. पण पाळकसाहेब म्हणाले "आपण उभे राहू या", की मंडळी उभी राहता राहता फटीत सापडायची. कुणाचं धोतर, कुणाचं लुगडं, आणि ज्यांचे कपडे पातळ होते त्यांचं त्याहून आतलं. त्या उन्हाळ्यात आमच्या चर्चमध्ये आमेन जितक्या कळकळीने म्हटलं गेलं तितकं ना आधी ना नंतर. घोरणारे पंच कायमचे जागे झाले. पाळकसाहेबांनी प्रवचनातून उभं राहणं हळूहळू वगळलं. वस्तीवर हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली, आणि हसणं कुठेतरी टेकायला जागा शोधतंच.

देवाची खूण चुकीची, असं बाबा म्हणू शकत नव्हते. मशीन देवाने निवडलेलं. लाकूड चांगलं. मग सांधे कुणी चिकटवले? चर्चच्या आवारात पंचांसमोर बाबांनी मान खाली घालून सांगितलं की शांतवनचा हात आता पूर्वीचा राहिला नाही, शेवगावलाच ते दिसलं होतं. मामा तिथेच उभा होता. त्यालाही ते खरंच वाटत होतं. मीही तिथेच होतो, नगरहून सुट्टीला आलेलो, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याच आठवड्यात कुठल्याशा मावशीची आमटी खारट झाली आणि म्हण जन्माला आली.

नंतर एके सकाळी मामा चहा प्यायला, कप विसळून पालथा घातला आणि मिरजगावला चुलत बहिणीकडे जाऊन येतो म्हणाला. आईने चार भाकरी बांधून दिल्या. चार भाकरी पाहुण्याला देतात, घरच्याला नव्हे. आईला ते कळलं होतं, मामालाही. रंधा त्याने नेला नाही. दोरी मात्र सोडून, नीट गुंडाळून खुंटीला अडकवून गेला.

मिरजगावला तो हमरस्त्यावरच्या एका हॉटेलात चहा करायचा. मी साखर कारखान्याच्या कचेरीत टायपिस्ट झालो, हेडक्लार्क झालो, लग्न केलं, आणि मामाला भेटायला जायचं हे दर वर्षी ठरवत राहिलो. गेलो तेव्हा माझेच केस पांढरे व्हायला लागले होते. बसमध्ये एक वाक्य घोकत गेलो, आखूड, चुकायला जागा नसलेलं, टायपिस्टने घोकावं तसं.

मामा भट्टीमागे उभा होता, वाळलेला, पण डोळा मिटायची सवय तीच. मला बाकड्यावर बसवलं. बाकडं डुगडुगत होतं. ज्या माणसाला केसभर चढ अंगठ्याला कळायचा, त्याने त्याच्या पायाखाली सिगारेटचं रिकामं पाकीट घडी करून घातलं आणि म्हणाला, बस आता. मी म्हटलं, मामा, पटाशी मारली तर सरळ होईल की. तो म्हणाला, लाकडाला हात न्हाई लावत मी, इज्या, लाकडाची दैना कशाला?

मी वाक्य तोंडाशी आणलं. तेवढ्यात त्यानेच चहाचा ग्लास माझ्यासमोर ठेवला, वर जाडशी साय टाकून, आणि शेजारी बसला.

"तू आलास ते बरं झालं. लई दिस मनात हुतं. शेवगावला माझा हात चुकला बघ. त्याच्यापायी दाजींना चार मान्सांत खाली बघावं लागलं, तुलाबी घर सोडून नगरला ऱ्हावं लागलं. मी घरला तोंड दाखवलं न्हाई ते त्याच्यापायीच. दाजी गेले, त्यास्नी सांगायचं ऱ्हायलं. तू तरी माफ कर लेकरा."

त्याने माझा हात धरला. त्याचा अंगठा माझ्या तळव्यावरून फिरत होता, फळीवरून फिरायचा तसाच, आणि मला भीती वाटली की आता त्याला कळणार. पण त्याने स्वतःच्या अंगठ्यावर विश्वास ठेवायचं कधीच सोडून दिलं होतं. मी काय केलं? मी म्हणालो, "असू दे मामा. होतं कधी कधी." म्हणजे मी त्याला माफ केलं. त्याचा चेहरा असा उजळला की मी ग्लास उचलून चहा प्यायला लागलो. त्याने मला दुसरा चहा पाजला, बसपर्यंत पोचवायला आला, आणि बस सुटताना हळू आवाजात पाळकाच्या पोटाचं भजन म्हटलं. पुढच्या उन्हाळ्यात तो गेला.

बसमधून घोकत नेलेलं ते वाक्य परत आणलं, ते अजून माझ्याजवळच आहे, पान्याशेजारी. एवढंच होतं ते: मामा, हात तुझा चुकला नव्हता, पाट मी खाली केला होता, मला माफ कर.